हिमालयातील बर्फ आणि कोल्हापूरचा हिवाळा : थंडीच्या पूर्वानुमानाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या हवामानविषयक लेखनात पावसाला जे स्थान लाभले ते हिवाळ्याला कधीच लाभले नाही. पर्जन्य, अवर्षण व दुष्काळ यांचा इतिहास विपुल प्रमाणात लिहिला गेला. थंडीचा इतिहास मात्र वृत्तपत्रांच्या कोपऱ्यातील चौकटीत राहिला. याचे कारण उघड आहे. दख्खनच्या शेतकऱ्याचे वर्ष मृगापासून सुरू होते आणि पाऊस हाच त्याच्या जगण्यामरण्याचा प्रश्न असतो. तरीही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. भारतात ऋतूच्या पूर्वानुमानाची जी परंपरा निर्माण झाली, तिचा प्रारंभ हिवाळ्याच्या निरीक्षणापासून आणि हिमालयातील बर्फाच्या मोजणीपासून झाला. ज्या कोल्हापुरात बर्फ पडत नाही, तेथील पावसाचा अंदाज हिमालयातील बर्फावरून बांधला जात होता. प्रस्तुत लेखात या परंपरेचा आढावा घेतला असून, हिवाळ्याचा अंदाज हिवाळ्यासाठीच सांगितला जावा ही गरज केव्हा व कोणामुळे निर्माण झाली, याचा विचार कोल्हापूर परिसराच्या संदर्भात केला आहे.

गर्भधारणेचा काळ

हिवाळ्यावरून पावसाळा ओळखण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त मेघांच्या गर्भधारणेचा स्वतंत्र अध्याय आहे. मार्गशीर्षाच्या शुक्ल पक्षापासून आकाशात जी लक्षणे दिसतात ती मेघांचा गर्भ होत, आणि त्यापासून १९५ दिवसांनी त्या गर्भाचा प्रसव म्हणजे पाऊस होतो, असे तेथे गणित मांडले आहे. यातील तपशील मनोरंजक आहे. मार्गशीर्षात थंडी अति नसावी, पौषात हिमपात अति नसावा, माघात मात्र जोराचा वारा आणि कडक थंडी असणे शुभ, असा त्याचा अभिप्राय आहे. ज्याला दख्खनचाच हिवाळा माहीत आहे त्याला 'हिमपात' हा शब्द येथे खटकेल. परंतु वराहमिहिर उज्जयिनीचा असला तरी त्याच्यासमोर असलेली सामग्री निरनिराळ्या प्रदेशांतून आलेली होती हे विसरता कामा नये.

महाराष्ट्रात हीच विचारपद्धती पंचांगातील मेघविचार व सहदेव-भाडळीच्या नावावर चालणाऱ्या ठोकताळ्यांतून खेड्यापाड्यांत पोचली. या ठोकताळ्यांची सत्यासत्यता तपासणे हा या लेखाचा विषय नाही. महत्त्वाचे आहे ते एवढेच की, या साऱ्या परंपरेत हिवाळा हे साधन आहे, साध्य नव्हे. थंडी किती पडेल हे कोणी विचारत नाही. पडलेली थंडी पुढील पावसाविषयी काय सांगते, एवढेच विचारले जाते.

कालगणनेविषयी येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो असे आपण म्हणतो. वस्तुतः दिवस २२ डिसेंबरच्या सुमारासच वाढू लागतो. आपली निरयन संक्रांत ऋतूंच्या मानाने हळूहळू पुढे सरकत आली आहे. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली म्हणून ती संक्रांतीच्या दिवशी झाली असे सर्रास लिहिले जाते; पण त्या काळी संक्रांत १४ जानेवारीच्या तीन-चार दिवस आधीच येत असे. मार्च १७६० मध्ये, ऐन उन्हाळ्यात परतूडहून निघालेली फौज उत्तरेचा हिवाळा पानिपतच्या उघड्या मैदानावर काढत होती, हे मात्र निर्विवाद आहे. दख्खनी माणसांच्या एवढ्या मोठ्या समुदायाचा उत्तरेच्या थंडीशी असा दीर्घ सामना त्यापूर्वी क्वचितच झाला असेल.

ब्लॅनफर्ड, वॉकर आणि बर्फाची मोजणी

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ साली झाली. १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि त्यानंतरच्या दशकातील अवर्षणे ही तिची पार्श्वभूमी होय. हेन्री ब्लॅनफर्ड हे विभागाचे पहिले प्रमुख. विभाग नीट उभा राहण्यापूर्वीच १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ आला. मुंबई इलाख्याच्या दख्खन व दक्षिण मराठा मुलखाला त्याची मोठी झळ बसली. पावसाची पूर्वसूचना मिळू शकते काय, हा प्रश्न सरकारने ब्लॅनफर्ड यांच्यापुढे ठेवला, आणि त्याचे उत्तर शोधताना त्यांची दृष्टी हिमालयाकडे वळली. हिवाळ्यात व वसंतात हिमालयावर बर्फ अधिक पडले तर उन्हाळ्यातील उष्णतेचा बराच भाग ते वितळविण्यात खर्च होतो, वायव्येचे कोरडे वारे रेंगाळतात आणि मोसमी पाऊस क्षीण होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. १८८४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी ते निबंधरूपाने मांडले. १८८२ ते १८८५ या काळात त्यांनी या आधारे प्रायोगिक अंदाज दिले आणि ४ जून १८८६ रोजी भारत व ब्रह्मदेश यांच्यासाठी पहिला नियमित दीर्घकालीन अंदाज प्रसिद्ध झाला.

पौषात हिमपात अति नसावा हे वराहमिहिराचे विधान आणि अधिक बर्फ म्हणजे कमी पाऊस हा ब्लॅनफर्ड यांचा सिद्धांत यांतील साम्य वाचकाच्या लक्षात आले असेल. मात्र त्यावरून आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते असा निष्कर्ष काढणे हे इतिहासाचे काम नव्हे. वराहमिहिराने कारण सांगितलेले नाही आणि मोजमापही दिलेले नाही. ब्लॅनफर्ड यांनी कारण सांगितले, मोजण्याचा प्रयत्न केला आणि मुख्य म्हणजे आपला अंदाज चुकू शकेल अशा रीतीने जाहीर केला.

तो चुकलाही. ब्लॅनफर्ड यांच्यानंतर आलेले जॉन एलियट यांनी बर्फाच्या जोडीला हिंदी महासागर व ऑस्ट्रेलियाकडील परिस्थिती विचारात घेतली. पण १८९९ च्या पावसाने दगा दिला आणि पुढे भीषण दुष्काळ पडला, तेव्हा विभागाचा अंदाज फसलेला होता. १९०४ साली गिल्बर्ट वॉकर प्रमुखपदी आले. ते केंब्रिजचे गणिती होते. वीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी अंदाजाला सहसंबंधाच्या गणिताची शिस्त लावली. १९०९ च्या त्यांच्या सूत्रात चार घटक होते : हिमालयातील मे अखेरचा बर्फसंचय, मॉरिशसचा वायुभार, दक्षिण अमेरिकेतील वायुभार आणि झांजिबारचा पाऊस. कोल्हापूरच्या भाताचे भवितव्य झांजिबारच्या पावसाशी जोडले जाणे ही त्या काळच्या वाचकाला चमत्कारिक गोष्ट वाटली असेल. परंतु याच शोधातून पुढे दक्षिणी आंदोलनाची संकल्पना उदयाला आली आणि आज एल निनो व ला निना हे शब्द ऊस उत्पादकांच्या तोंडी रुळले आहेत.

योगायोग असा की, पहिला दीर्घकालीन अंदाज निघाला त्याच १८८६ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा कोल्हापूरविषयक २४ वा खंड प्रसिद्ध झाला. वसाहतकालीन राज्ययंत्रणा एका हाताने भूमीचे वर्णन नोंदवीत होती आणि दुसऱ्या हाताने आकाशाचे भाकीत करू पाहत होती. दोन्हींचा हेतू सारा आणि दुष्काळनिवारण या व्यवहारांशी निगडित होता.

सिमल्याचे कार्यालय पुण्यात

विभागाचे मुख्यालय कलकत्त्याहून १९०५ साली सिमल्यास आणि तेथून १९२८ साली पुण्यास आले. शिवाजीनगरची ती इमारत आजही 'सिमला ऑफिस' याच नावाने ओळखली जाते आणि शेजारच्या चौकालाही तेच नाव आहे. रोज त्या चौकातून जाणाऱ्या किती जणांना या नावाचे मूळ माहीत असेल, हा प्रश्नच आहे. १९४४ साली मुख्यालय दिल्लीला गेले तरी हवामानशास्त्राचे मोठे काम पुण्यातच राहिले.

महाराष्ट्राच्या हिवाळ्याच्या दृष्टीने या स्थलांतराचे महत्त्व फार आहे. १९३२ साली पुण्यात कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा एल. ए. रामदास यांच्याकडे आली. त्याच वर्षी रामदास व आत्मनाथन यांनी एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केले. निरभ्र व निवांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटून असते अशी समजूत होती. प्रत्यक्षात ती जमिनीपासून काही वीत उंचीवर आढळली. विज्ञानजगताने प्रारंभी यावर विश्वास ठेवला नाही. पुढे अन्यत्र झालेल्या मोजमापांनी त्याला पुष्टी मिळाली आणि तो थर 'रामदास थर' या नावाने ओळखला जाऊ लागला. पिकाचा शेंडा, फुलोरा व कोवळा घड नेमक्या याच उंचीवर असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या शोधाचे शेतीतील महत्त्व कळते. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात १.७ अंश सेल्सिअस इतके किमान तापमान नोंदले गेले. तो उच्चांकी गारठा मोजण्यास ही यंत्रणा सज्ज होती. १९४५ पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता देण्यास प्रारंभ झाला.

थंडी येते कशी, याचे चित्रही याच काळात स्पष्ट झाले. भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण-अफगाणिस्तानमार्गे येणारे पश्चिमी विक्षोभ हिमालयावर बर्फ टाकतात. ते पूर्वेकडे सरकले की त्यांच्यामागून कोरडी, थंड हवा उत्तरेच्या मैदानातून दक्षिणेकडे वाहते. आकाश निरभ्र होते आणि जमीन रात्रभर उष्णता गमावते. पिशारोटी व देसाई यांचा १९५६ चा निबंध या विषयावरील आधारभूत लेखन मानला जातो. ही थंड हवा प्रथम खानदेशात उतरते, मग नाशिक-नगरच्या पठारावर. कोल्हापूरपर्यंत येता येता तिची धार बोथट होते. त्यात बंगालच्या उपसागरात एखादे वादळ असेल तर पूर्वेकडील दमट वारे आणि ढग तिची वाटच अडवितात.

महाबळेश्वरचे 'बर्फ'

प्रतिवर्षी डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरात बर्फ पडल्याच्या बातम्या येतात, वेण्णा तलावाच्या काठची पांढरी झालेली गवताची पाती छायाचित्रांत दिसतात आणि पर्यटकांची रीघ लागते. हा हिमपात नव्हे. आकाशातून हिम पडत नाही. दव गोठते, किंवा हवेतील बाष्प थेट पात्यावर स्फटिकरूपाने जमते. जुन्या मराठीत दवासाठी दहिवर हा सुंदर शब्द आहे. 'गोठलेले दहिवर' म्हटले तर या घटनेचे वर्णन अचूक होईल. परंतु आपल्या व्यवहारात हिम, गोठलेले दव, गार आणि कारखान्यात तयार होणारी लादी या सर्वांना 'बर्फ' हा एकच शब्द पुरतो, आणि भाषेच्या या काटकसरीतून बातमीचा घोटाळा होतो.

यातील भौतिकी मात्र रंजक आहे. थंड हवा जड असल्याने ती रात्री उतारावरून घरंगळत वेण्णा तलाव व लिंगमळ्याच्या सखल भागात साचते. वेधशाळा उंचावर, मोकळ्या जागी आहे. म्हणून ज्या पहाटे तलावाकाठच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर पांढरा थर दिसतो, त्याच पहाटे वेधशाळेचा पारा गोठणबिंदूच्या पुष्कळ वर असतो. याउलट निफाडचे पठार महाबळेश्वरपेक्षा कितीतरी कमी उंचीवर असूनही अधिकृत नोंदीत अधिक थंड ठरते. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तेथील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा २ अंशांच्याही खाली गेला होता. खुद्द नाशिकची ७ जानेवारी १९४५ ची नोंद शून्याच्या खाली, उणे ०.६ अंशांची आहे.

आणि खरोखरच शिवारे पांढरी झाली ती २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. पण तो हिमपात नव्हता, गारपीट होती. उत्तर महाराष्ट्र, मराठवाडा व विदर्भात उभी रब्बी आणि फळबागा त्यात झोपल्या. त्या दृश्याला कोणी काश्मीरची उपमा दिली तेव्हा ती शेतकऱ्याला किती बोचली असेल याची कल्पना करता येते.

कोल्हापूरचा विद्यार्थी आणि सोळा घटक

बर्फ आणि पाऊस यांच्या नात्याला १९७६ साली पुन्हा उजाळा मिळाला. उपग्रहांनी टिपलेल्या युरेशियातील हिमाच्छादनाच्या आधारे हान व शुक्ला यांनी ब्लॅनफर्ड यांचा व्यस्त संबंध नव्याने मांडला. या वाटेवरील पुढचे भारतीय पाऊल ज्यांच्या नावाशी जोडले गेले ते डॉ. वसंत गोवारीकर कोल्हापुरात शिकलेले, ही या शहराने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या सोळा घटकांच्या प्रतिमानावरून १९८८ पासून मोसमी पावसाचा अंदाज दिला जाऊ लागला. त्या सोळांपैकी दोन घटक बर्फाचे होते : डिसेंबरमधील युरेशियाचे हिमाच्छादन आणि जानेवारी ते मार्च या काळातील हिमालयाचे हिमाच्छादन. या प्रतिमानाने चौदा वर्षे चांगली साथ दिली. २००२ साली देशाचा पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्क्यांनी कमी झाला आणि तो या प्रतिमानाला ओळखता आला नाही. २००३ पासून नवी प्रतिमाने आली. गोवारीकरांवर त्या वेळी झालेली टीका अवाजवी होती असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सहसंबंध काळाबरोबर क्षीण होतात हे वॉकर यांच्या सूत्रानेही दाखवून दिले होते, आणि त्यांच्या बर्फाच्या घटकाचीही पुढे हीच गत झाली होती.

ऊस, गुऱ्हाळ आणि कोपी

येथवर आपण पाहिलेला सारा इतिहास हिवाळ्याचा असूनही पावसाचाच आहे. थंडीचा अंदाज थंडीसाठी हवा, ही मागणी बागायती शेतीने निर्माण केली. नाशिक, तासगावच्या द्राक्षबागायतदाराला रात्रीचा पारा किती उतरणार हे आदल्या दिवशी कळणे आवश्यक असते. कारण बागेला रात्री पाणी द्यायचे, शेकोट्यांचा धूर करायचा, की घडांना कागद गुंडाळायचा, हे त्यावर ठरते. थंडीने मणी गुलाबी पडले की निर्यातीचा माल स्थानिक बाजाराचा होतो.

कोल्हापूरचा प्रश्न याहून वेगळा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरील या शहरात ऐन हिवाळ्यातील किमान तापमान सरासरी १४ ते १५ अंशांच्या आसपास असते. अंबाबाईच्या मंदिरातील किरणोत्सव नोव्हेंबरच्या ९, १० व ११ तारखांना आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत होतो. मावळतीची किरणे मूर्तीपर्यंत पोचण्याचे हे दोन काळ दक्षिणायनाच्या अखेरच्या बिंदूपासून दोन्ही बाजूंना जवळजवळ सारख्या अंतरावर आहेत, आणि या दोन किरणोत्सवांमधील सुमारे ऐंशी दिवस म्हणजेच कोल्हापूरची खरी थंडी. नोव्हेंबरातील किरणोत्सव ढगांमुळे हुकला तर बंगालच्या उपसागराचे दमट वारे अजून ओसरलेले नाहीत, असा त्याचा साधा अर्थ घ्यावा.

याच ऐंशी दिवसांत गुऱ्हाळांची चुलाणे पेटलेली असतात. थंड, कोरड्या रात्रींनी उसाची वाढ थांबते आणि साखर कांड्यात साठते; म्हणून ऐन थंडीत कारखान्यांचा उतारा चढतो आणि गुळव्याला काहिलीतून रव्याला हवा तसा रंग व कणी मिळते. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसविली तेव्हापासून येथील गुळाचा व्यापार या थंडीच्या आधाराने वाढला. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक चिन्हांकन मिळाले. परंतु हीच थंडी बांधापलीकडे नुकसान करते. सुरू हंगामाची लागण डिसेंबर ते फेब्रुवारीत होते, आणि जमीन गार पडली की बेण्याचे डोळे फुटत नाहीत, उगवण विरळ होते. एकाच शेतकऱ्याच्या तुटणाऱ्या उसाला थंडी हवी असते आणि लावायच्या उसाला नको असते. हंगामाचा अंदाज त्याला आधी मिळाला तर लागण पंधरा दिवस पुढे ढकलावी की नाही, हे तरी तो ठरवू शकेल.

या हिशेबात ज्यांचा उल्लेख क्वचितच होतो ते ऊसतोड मजूर. बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून आलेल्या टोळ्या शिवारात कोप्या घालून राहतात. पाचटाची ती कोपी, खाली ओली जमीन, शेजारी उसाचा फड; पहाटे तीन-चारला कोयता हाती घ्यायचा आणि तान्ह्या मुलाला फडाच्या कडेला निजवायचे. दवाने भिजलेल्या पाल्यात १२ अंश तापमान म्हणजे काय, हे तापमापकाच्या आकड्यावरून समजत नाही.

हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली उतरावे लागते आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असावे लागते. तेव्हाच थंडीची लाट म्हटली जाते. पारा ४ अंशांपर्यंत उतरला तर सरासरीचा विचार न करताही लाट जाहीर होते. कोल्हापुरातील १२ अंशांची पहाट या व्याख्येत कोठेच बसत नाही.

२०१६ पासून विभाग डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांच्या तापमानाचे हंगामी पूर्वानुमान देतो. ते संभाव्यतेच्या भाषेत असते : सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतके अथवा अधिक तापमानाची शक्यता किती. वायव्य भारतातील जानेवारी ते मार्चच्या पर्जन्याचा अंदाजही डिसेंबरअखेरीस येतो; तेथे तो गव्हासाठी लागतो. समुद्र व वातावरण यांचे एकत्रित गणित मांडणारी प्रतिमाने आता वापरात आहेत, आणि ला निनाच्या वर्षी थंडी अधिक असण्याकडे कल असतो हेही पुष्कळांना परिचित झाले आहे.

अडचण आहे ती नकाशाची. हवामान विभागाच्या रचनेत कोल्हापूर 'मध्य महाराष्ट्र' या उपविभागात मोडते. याच उपविभागात नंदुरबार, धुळे, जळगाव, नाशिक हेही येतात. सातपुड्याच्या पायथ्यापासून चंदगडच्या जंगलापर्यंत अक्षांशांचे पाच अंशांहून अधिक अंतर आहे. तोरणमाळच्या पठारावर गवत गोठत असताना चंदगडच्या काजूला मोहोर येत असतो. उपविभागाला मिळणारा एकच शब्द या दोन्ही ठिकाणी लागू करावा लागतो. २००८ पासून जिल्हावार कृषी हवामान सल्ल्याची व्यवस्था झाली आणि अल्प मुदतीच्या अंदाजात हा दोष बराच सुधारला. तीन महिन्यांच्या हंगामी पूर्वानुमानात मात्र उपविभाग हेच एकक पुष्कळदा वाचकाच्या हाती येते, आणि नाशिकला लाट येणार असे वाचून शिरोळचा शेतकरी आपली सुरू लागण लांबवितो, किंवा ती बातमी आपली नव्हे असे समजून सोडून देतो.